सस्पेन्शन आर्मचे बोल्ट गाडी चाकांवर उभी असतानाच आवळावेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत मेकॅनिक मोटर व्हेईकल हा व्यवसाय मी अनेक वर्षे शिकवला आणि आता निवृत्त आहे. जीप वर्गातल्या गाड्यांना पुढून दोनेक इंच उंची देऊन त्यांत कमी-जास्त करता येणारे, म्हणजे अ‍ॅडजस्टेबल, अप्पर आर्म (चाकाला चासीशी जोडणारे वरचे दांडे) स्वतःच घरी बसवणारी तरुण मुले मला अलीकडे वरचेवर भेटतात. हे काम घरी करण्याला माझा विरोध नाही. स्वतःच्या गाडीखाली शिरून तिचा बोल्ट न् बोल्ट ओळखणारा मालक गाडी जास्त जपतो, हे मी पाहिलेले आहे. मात्र या कामातली एक पायरी जवळजवळ प्रत्येक जण चुकवतो, आणि तिच्याविषयी सविस्तर लिहिणे मला गरजेचे वाटते.

मागच्या महिन्यात शेजारची दोन मुले त्यांची गाडी घेऊन दारात आली. सहा-सात आठवड्यांपूर्वी त्यांनी इमारतीच्या पार्किंगमध्ये नवे स्प्रिंग आणि नवे आर्म बसवले होते. काम नीटनेटके होते, प्रत्येक नटावर पांढऱ्या मार्करची खूणसुद्धा होती. तरीही यवतेश्वरच्या घाटात वळणावर पुढून कटकट आवाज येई. मी टॉर्च लावून पाहिले, तर आर्म चासीला जिथे जोडलेला असतो तिथल्या बुशचे, म्हणजे दोन नळ्यांमध्ये रबर भरलेल्या सांध्याच्या तुकड्याचे, रबर आतल्या नळीपासून सुटले होते आणि त्याची काळी भुकटी बोटांना लागत होती. माल खराब निघाला असे समजून मुलांनी विक्रेत्याकडे तक्रारही केली होती. मी त्यांना एकच प्रश्न विचारला, की हे बोल्ट शेवटचे आवळले तेव्हा चाके जमिनीवर होती की हवेत. चाके हवेत होती.

अशा आर्ममधला रबरी बुश बेअरिंगसारखा फिरत नाही. त्याचे रबर आतल्या आणि बाहेरच्या लोखंडी नळीला पक्के चिकटवलेले असते. बोल्ट आवळला की आतली नळी चासीला जखडली जाते आणि त्यापुढे आर्म वर-खाली होताना फक्त रबर पिळले जाते. चाक लटकत असताना बोल्ट आवळला, तर ती लटकलेली स्थितीच रबराच्या दृष्टीने मूळ स्थिती ठरते, आणि गाडी खाली उतरवताच, ती नुसती उभी असतानाही, रबर सतत पिळलेले राहते. खड्ड्यात चाक वर गेले की तो पीळ आणखी वाढतो. असे रबर फाटले तर दोष रबराचा नाही.

यावरचा उपाय बिनखर्चाचा आहे. आर्म जागेवर घालून बोल्ट हाताने बसतील इतकेच फिरवावेत, चाके चढवून गाडी खाली उतरवावी, दोन-चार हात पुढे-मागे ढकलावी म्हणजे टायर जमिनीला धरून राहत नाहीत आणि स्प्रिंग आपल्या जागी बसते, आणि मगच लांब एक्स्टेन्शन लावून टॉर्क रेंचने, म्हणजे ठरलेल्या जोराने आवळता येणाऱ्या पान्याने, बोल्ट आवळावेत. पाना पोहोचत नसेल तर दुसरी रीत आहे. गाडी चाकांवर असताना चाकाच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर टेपने मोजून लिहून ठेवावे आणि नंतर लोअर (खालच्या) आर्मखाली जॅक लावून तेच अंतर येईपर्यंत तो उचलावा. स्प्रिंगही बदलले असतील तर जुने माप उपयोगाचे नाही, नव्या उंचीचे माप घ्यावे लागते. पॉलियुरेथेनचे बुश चिकटवलेले नसतात, ते नळीवर फिरतात, म्हणून त्यांना हा नियम तितका कडक लागू होत नाही, पण त्यांना सिलिकॉन ग्रीस लागते आणि ते वेळोवेळी भरावे लागते.

जिवाशी गाठ असलेली बाब मात्र बुशची नव्हे, स्प्रिंगची आहे. ज्या गाड्यांत कॉइल स्प्रिंग शॉकअपपासून वेगळी, चासी आणि लोअर आर्म यांच्यामध्ये दाबून बसवलेली असते, त्यांत लोअर आर्मला खालून आधार न देता बॉल जॉइंट, म्हणजे आर्मचा चाकाकडचा गोळीचा सांधा, सोडवला, तर ती स्प्रिंग सारी ताकद एका क्षणात सोडते. म्हणून नट काढण्यापूर्वी आर्मखाली जॅक आणि चासीखाली घोड्या (गाडी पेलणारे लोखंडी स्टँड) हव्यातच. चाक बदलण्यासाठी गाडीबरोबर मिळणाऱ्या जॅकच्या भरवशावर कोणीही गाडीखाली जाऊ नये. मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी गुटके लावावेत. वरचा बॉल जॉइंट सुटला की नकल (चाक ज्यावर बसते तो भाग) बाहेर कलंडते आणि तिचा भार ब्रेकच्या होजवर व एबीएसच्या वायरवर येतो, तेव्हा ती आधीच तारेने बांधून ठेवावी.

आता ‘अ‍ॅडजस्टेबल’ या शब्दाकडे येतो. गाडी उंच केली की आर्मचे कोन बदलतात आणि कास्टर, म्हणजे चाक ज्या अक्षावर वळते त्याचा मागे कललेला कोन, घटतो. सायकलचा पुढचा चिमटा तिरपा असतो म्हणून ती सरळ धावते. मोटारीत तेच काम कास्टर करतो, तो कमी झाला की स्टिअरिंग वळणानंतर आपणहून परत येत नाही आणि हायवेवर गाडी भरकटल्यासारखी वाटते. आर्मची लांबी व कोन बदलून कास्टर आणि कॅम्बर (चाकाचा आत-बाहेरचा कल) पुन्हा मापात आणता यावेत, एवढ्यासाठीच हे आर्म असतात. ज्या छोट्या मोटारींत पुढे मॅकफर्सन स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअप एकत्र असलेला उभा खांब) आहे त्यांना वरचा आर्मच नसतो, त्यामुळे त्यांच्या मालकांनी ही खरेदी करण्याआधी स्वतःच्या गाडीची रचना पाहावी. बसवताना जुन्या आर्मची लांबी, बुशच्या मध्यापासून बॉल जॉइंटच्या मध्यापर्यंत, मोजून दोन्ही नवे आर्म तेवढ्याच मापावर लावावेत. आटे जेवढ्या व्यासाचे आहेत त्याच्या किमान दीडपट लांबी आत राहील असे पाहावे आणि चेकनट (आर्मची लांबी पक्की करणारा नट) आवळल्याशिवाय गाडी हलवू नये. आपल्या पावसात, आणि कोकणातल्या खाऱ्या हवेत तर लवकरच, हे आटे गंजून जाम होतात, म्हणून सुरुवातीलाच त्यांना अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावावे. जुना नायलॉक नट (आत नायलॉनचे कडे असलेला) व जुनी स्प्लिट पिन (नट फिरू न देणारी) पुन्हा वापरू नये, आणि पिनचे भोक जुळत नसेल तर नट सैल न करता किंचित पुढे आवळून जुळवावे.

घरी बसवलेले आर्म घेऊन थेट अलाइनमेंटच्या दुकानात जायचे असते. तिथे बऱ्याच वेळा फक्त टो (चाकांची तोंडे पुढून किती आत वा बाहेर वळली आहेत ते) पाहून गाडी परत दिली जाते, कारण अनेक गाड्यांत जुळवता येण्याजोगे तेवढेच असते. असे आर्म बसवलेल्या गाडीत मात्र आधी कास्टर आणि कॅम्बर, मग सर्वांत शेवटी टो, असाच क्रम हवा, कारण पहिले दोन बदलले की टो बदलतोच. दोन्ही बाजूंच्या कास्टरमध्ये फरक राहिला, तर ज्या बाजूचा कमी, त्या बाजूला गाडी ओढते. ग्राहकाने आधीच्या व नंतरच्या मापांचा कागद मागून घ्यावा. शंभरेक किलोमीटर झाल्यावर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत.

कायद्याचीही जाणीव असावी. मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ वाहनातील फेरबदलांवर मर्यादा घालते, आणि २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ नुसार परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. गाडीची उंची वाढवण्यापूर्वी परिवहन कार्यालयात लेखी विचारणा करावी आणि विमा कंपनीलाही कळवावे.

माझी मागणी साधी आहे. मोटर व्हेईकल विभाग असलेल्या प्रशिक्षण संस्थांची वर्कशॉप रविवारी बंद असतात. तिथे पिट आहे, घोड्या आहेत, टॉर्क रेंच आहे, बॉल जॉइंट काढायचा पुलर आहे. महिन्यातून एक रविवार, माफक शुल्क घेऊन आणि एका निदेशकाच्या देखरेखीखाली, ही जागा घरी काम करू पाहणाऱ्या नागरिकांना खुली करावी. प्रशिक्षणार्थ्यांना नाना प्रकारच्या गाड्या हाताळायला मिळतील आणि पार्किंगमध्ये दगड-विटांच्या आधारावर उचललेल्या गाडीखाली कोणाला जावे लागणार नाही. अशा रविवारी विनामोबदला हजर राहण्याची माझी तयारी आहे, माझ्यासारखे आणखी निवृत्त सहकारीही येतील. संबंधित विभागापर्यंत हे आपल्या पत्रातून पोहोचावे, ही विनंती.

त्या दोन मुलांच्या गाडीला आम्ही नवे बुश प्रेसवर दाबून बसवले आणि गाडी चाकांवर उभी करून बोल्ट आवळले. परवा ती मुले कासपर्यंत जाऊन आली, आवाज आलेला नाही.

आपला,
एक निवृत्त शिल्प निदेशक, सातारा