दादा, काटा बोलायला लागला!

दादा, परवा फोन ठेवला तेव्हा साडेबारा वाजून गेलेले आणि मी तुला धड थँक्यूपण म्हटलं नाही, डोकं सगळं त्या वजनकाट्यातच अडकलेलं. म्हणून आता सगळ्यांसमोर लिहितोय, माझ्यासारखा कोणी अडकला असेल तर त्यालाही उपयोग होईल.

झालं असं की आमच्या वजनकाट्याचा प्रोग्रॅम जुनापुराणा, फक्त विंडोजवर चालणारा, आणि मी हौसेने लॅपटॉपवर लिनक्स टाकून बसलेलो. लिनक्सवर विंडोजचे प्रोग्रॅम चालवणारं वाईन नावाचं सॉफ्टवेअर टाकलं, सेटअप चालेना, म्हणून सूडो लावून, म्हणजे रूटच्या (सगळे अधिकार असलेल्या युजरच्या) हक्काने चालवला (हो, मीच तो शहाणा). त्यानंतर साध्या युजरने वाईन उघडलं की ते म्हणे हे फोल्डर तुझ्या मालकीचंच नाही. तीनदा वाईन काढून परत टाकलं तरी तेच, कारण होममधलं ते लपलेलं डॉट वाईन फोल्डर रूटच्या नावावर होऊन बसलेलं आणि वाईन काढलं तरी ते काही जागचं हलत नाही. तू ते काढायला लावलंस आणि या प्रोग्रॅमसाठी वेगळा ३२ बिटचा प्रिफिक्स (वाईनचं स्वतंत्र फोल्डर) बनवून घेतलास.

मग विचारलंस, टर्मिनलमध्ये (कमांड टाईप करायच्या खिडकीत) काय आलंय? मी म्हटलं बरंच काय काय आलंय. तर म्हणालास, 'फिक्समी'वाल्या ओळी सोड, 'ईआरआर' (म्हणजे एरर) लिहिलेली ओळ शब्द न् शब्द वाच. वाचली तर त्यात सरळ लिहिलेलं की एमएफसी४२ डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी तयार कोडची फाइल) सापडत नाही! दोन दिवस ती ओळ माझ्या डोळ्यासमोर होती राव. वाईनट्रिक्स या वाईनच्या मदतनीस स्क्रिप्टने तेवढी एक डीएलएल टाकली आणि प्रोग्रॅमची खिडकी उघडली.

मला वाटायचं वाईन म्हणजे लिनक्सच्या पोटातलं छोटं विंडोज. तू सांगितलंस की आत विंडोज नाहीच, प्रोग्रॅमचा कोड तुझ्याच प्रोसेसरवर जसाच्या तसा चालतो, फक्त तो फाइल उघड, खिडकी काढ म्हणून विंडोजला जी हाक मारतो तिला ओ वाईन देतं आणि काम लिनक्सकडून करून घेतं, आणि हा एम्युलेटर (दुसऱ्या मशीनची नक्कल करणारा प्रोग्रॅम) नाही हे तर नावातच आहे, 'वाईन इज नॉट ॲन एम्युलेटर'. १९९३ पासून लोक हे लिहितायत, १.० आवृत्ती यायला २००८ उजाडलं, आणि मी दोन संध्याकाळीत वैतागलो.

काट्याचं तर खरं डोकं तूच लावलंस. प्रोग्रॅमला कॉम१ ते कॉम४ एवढीच पोर्टची (वायर जोडायच्या जागांची) विंडोजमधली नावं माहीत, आणि आमची यूएसबीची वायर लिनक्सला दिसते टीटीवाययूएसबी० म्हणून. रेजएडिटमध्ये (सेटिंग्ज बदलायच्या प्रोग्रॅममध्ये) वाईनच्या पोर्ट्समध्ये कॉम१ समोर तो पत्ता लिहायला लावलास, मला पोर्ट वापरायची परवानगी असलेल्या डायलआउट ग्रुपमध्ये घातलंस, लॉगआउट करून परत ये म्हणालास. आलो, काट्यावर चार्जर ठेवला, आणि स्क्रीनवर ६४ ग्रॅम!

माझ्या लॅपटॉपचा रिमोट ताबा घेऊन तू हे दहा मिनिटांत उरकलं असतंस, पण सव्वा दोन तास माझ्याकडूनच टाईप करून घेतलंस, तेव्हा मनातल्या मनात शिव्या घातल्या, सॉरी. मनापासून थँक्यू.

पावती अजून आडवी छापली जातेय, पण त्यासाठी लगेच फोन नाही करणार, आधी ती ईआरआरवाली ओळ वाचतो.