डॉक्टरांच्या हाती आधी जंतूंचा तक्ता द्या

मा. वैद्यकीय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

स. न. वि. वि.

अधिवेशनासाठी आपण नागपुरात आहात, म्हणून हे पत्र. मी इथल्या एका लॅबमध्ये कल्चरचं काम करते. लघवीचा किंवा पुवाचा नमुना प्लेटवर लावायचा, जंतू वाढू द्यायचे आणि कोणतं औषध त्यांना मारतं ते बघायचं. दोन-तीन दिवस लागतात. पुष्कळदा प्लेटवर काहीच उगवत नाही, कारण नमुना देण्याआधीच पेशंटच्या पोटात अँटिबायोटिक गेलेलं असतं.

गरज नसताना अँटिबायोटिक लिहिलं जातं, याचा सगळा दोष डॉक्टरांच्या माथी मारणं मला पटत नाही. सर्दी, खोकला, बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते आणि तिथे अ‍ॅझिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक कुचकामी, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. पण समोर तापाने फणफणलेलं पोर, रोजी बुडवून आलेला बाप. कल्चरची फी गोळ्यांहून जड, आणि रिपोर्ट येईपर्यंत थांबायची कुणाची तयारी नसते. हा ताप जिवाणूंचा निघाला तर? नुसतं पॅरासिटामॉल दिलं म्हणून बाप उद्या दुसऱ्या दवाखान्यात गेला तर? मग 'कव्हर' म्हणून, म्हणजे खबरदारीपोटी, सेफिक्झिम हे अँटिबायोटिक लिहिलं जातं. त्याने आतड्यातले साधे जंतू मरतात, औषधाला न जुमानणारे उरतात, फोफावतात आणि तो गुण दुसऱ्या जातीच्या जंतूंनाही देतात. अशा प्रतिरोधामुळे २०१९ साली जगभरात सुमारे १२.७ लाख माणसं गेली.

कायदा आहे. शेड्यूल एच-१ ही कडक नोंद ठेवून विकायच्या औषधांची यादी मार्च २०१४ पासून लागू आहे. सेफिक्झिमसारखी औषधं विकताना केमिस्टने डॉक्टरचं, रुग्णाचं नाव वेगळ्या रजिस्टरमध्ये लिहायचं असतं. ती रजिस्टरं तपासली जावीत, हे आपल्या सहकारी मंत्र्यांना जरूर सांगा. पण तेवढ्याने डॉक्टरची अडचण सुटत नाही.

मेडिकल आणि मेयो ही नागपुरातली दोन सरकारी महाविद्यालयांची रुग्णालयं आपल्या खात्याकडे आहेत. तिथे रोज कल्चर होतात. नागपुरात कोणत्या जंतूवर कोणतं औषध अजून चालतं, याचा तक्ता त्या निकालांतून काढून दर सहा महिन्यांनी शहरातल्या प्रत्येक दवाखान्यात पोचवा. केरळने राज्यभराचा असा तक्ता काढला आहे. खाजगी डॉक्टरांनी पाठवलेले नमुनेही या दोन्ही रुग्णालयांनी सरकारी दरात तपासावेत आणि रिपोर्ट डॉक्टरच्या मोबाइलवर जावा. त्यासाठी दोन्हीकडे तंत्रज्ञांची पदं भरावी लागतील.

अधिवेशन संपण्याआधी दोन्ही महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागप्रमुखांना बोलावून त्यांना काय लागेल ते विचारावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक लॅब टेक्निशियन, नागपूर