चित्रकलेच्या तासाला काय घेऊ, असं विचारलंस म्हणून

डहाणू,
दि. १२ जुलै

प्रिय सुमे,

तुझं पत्र शनिवारी हातात पडलं. शाळा सुटल्यावर व्हरांड्यातच बसून वाचलं, पाऊस थांबेपर्यंत दोनदा वाचून झालं. बारा वर्षं सातवीला गणित शिकवलंस आणि आता एकदम दुसरीचा वर्ग, तोही ४२ मुलांचा! घाबरायला होणारच. पण पत्राच्या शेवटी तू लिहिलंयस, "मला साधं मांजर काढता येत नाही गं, मी यांची चित्रकला काय घेणार?" सुमे, तुला मांजर काढता येत नाही हे फार बरं आहे. खरंच सांगते. मला थोडंफार काढता येतं, आणि माझ्या पहिल्या वर्षी सगळा घोळ त्यानेच केला.

त्या वर्षी २६ जानेवारीला व्हरांड्यात चित्रं लावायची होती. वारली पाड्यावरची शाळा, म्हणून वारली चित्रं घेऊ असं मी ठरवलं. घरच्या कॅलेंडरवर तारपा नाच होता, तो बघून फळ्यावर काढला. दोन त्रिकोण टोकाला टोक लावून अंग, वर गोल डोकं, मधे तारपा, म्हणजे त्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य, वाजवणारा. मुलांनी मान खाली घालून उतरवलं. अठ्ठावीस कागद, अठ्ठावीस तारपे, सगळे एकाच बाजूला वळलेले. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि मीही खूश झाले.

दोन दिवसांनी तिसरीतल्या एका मुलीची आजी तिला न्यायला आली. भिंतीसमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला विचारलं, ही सगळी एकाच पोराने काढली का? विचारण्यात टोमणा नव्हता, तिला खरंच तसं वाटलं होतं. मला काय बोलावं सुचेना.

त्या आजीने पाड्यातल्या कितीतरी लग्नांत चौक, म्हणजे लग्नघराच्या भिंतीवरचं चित्र, लिहिलेले. त्यांच्याकडे चौक 'काढत' नाहीत गं, 'लिहितात'. घराची भिंत शेणाने आणि गेरूने सारवून घेतात, सवाशिणी तांदळाच्या पिठाने लिहायला बसतात, मधे त्यांची पालघट देवी, आणि धवलेरी, म्हणजे लग्न लावणारी बाई, गाणी म्हणते. हे मुळात बायकांचं काम. आपल्या तालुक्यातल्या गंजाडचे जिव्या सोमा मशे पुरुष असून लिहायला लागले, लग्नाच्या चौकाबाहेर पडून रोजचं जगणं भिंतीवरून कागदावर आणलं आणि २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली. हे सगळं माझ्या शाळेच्या अंगणात असताना मी कॅलेंडर बघून फळ्यावर काढत बसले होते.

पुढच्या आठवड्यात त्या आजीला वर्गात बोलावलं. तिने बांबूची काडी घेतली, टोक दातांनी चावून कुंचल्यासारखं केलं आणि पिठाच्या पाण्यात बुडवून थेट लिहायला लागली. पेन्सिल नाही, पट्टी नाही. काड्या चावायच्या म्हटल्यावर मुलं तर वेडीच झाली. मी प्रत्येकाला गेरू फासलेला पुठ्ठा दिला आणि एवढंच सांगितलं, आज सकाळी उठल्यापासून शाळेत येईपर्यंत वाटेत जे दिसलं ते लिहा.

आता यातली एक गोष्ट नीट वाच, कारण तुझ्या वर्गातही हे होईल. तांदळाचं पीठ ओलं असताना गेरूवर जवळजवळ दिसतच नाही, पाण्याचा ओघळ वाटतो. पहिलीतल्या एका मुलाने बराच वेळ मन लावून लिहिलं आणि मग पुठ्ठा माझ्यापुढे धरून रडायला लागला, "बाई, उमटतच नाही." मी पुठ्ठा उन्हात ठेवला आणि त्याच्या शेजारी उकिडवी बसले. कडेने सुकायला लागलं तसं आधी एक शेपूट पांढरं झालं, मग पाय, मग पाठ. बैल होता. बैलाच्या पोटाखाली छोटासा माणूस होता, तो आडोशाला बसलेला त्याचा बाबा. तो मुलगा रडायचा थांबला आणि एकेक रेघ उजळताना नुसता बघत राहिला. त्या मुलाला तेव्हा 'बैल' हा शब्द लिहिता येत नव्हता.

म्हणून तुला माझं एकच सांगणं, फळ्यावर नमुना काढू नकोस. वस्तू दे, त्या वस्तूचं काय होतं ते दाखव, आणि बाजूला हो.

तुझ्याकडे गेरू नि बांबू मिळायला वेळ लागेल, तर हळदीपासून सुरुवात कर. अर्धी वाटी पाण्यात चमचाभर हळद कालवून जाड कागदावर फडक्याने फासायची आणि वाळू द्यायची. दुसऱ्या दिवशी धुण्याच्या साबणाचं दाट पाणी आणि कापूस गुंडाळलेली काडी द्यायची. पिवळ्यावर काडी फिरली की लाल रेघ उमटते. मुलं किंचाळतात! मग त्यांना विचार, सदऱ्यावरचा हळदीचा डाग आईने साबण लावल्यावर कसा दिसतो? त्यांना आठवतंच. चुन्यानेही होतं, पण दुसरीच्या मुलांच्या हातात चुना देऊ नकोस, डोळ्यात गेला तर फार वाईट. जास्वंदीची पाकळी कागदावर घासली की जांभळट रंग येतो, त्यावर लिंबू फिरवलं की गुलाबी, साबणाचं पाणी लावलं की हिरवट. ही चित्रं उन्हात विटतात, तेवढं आधी सांगून ठेव.

भेंडीचे ठसे तुला माहीतच असतील. भेंडी जून घे, कोवळी हातात चेचते. आणि 'फुलं करा' असं म्हणू नकोस. मी म्हटलं होतं, तरी एका मुलाने भेंडी आडवी रंगात बुडवून कागदावर दाबली, पुन्हा शेजारी दाबली, आणि गोम करून दाखवली. त्यानंतर अर्ध्या वर्गाने फुलं सोडून दिली.

कागदाचा लगदा मात्र दिवाळीनंतरच घे. मी एकदा श्रावणात घेतला आणि सगळ्या वाट्यांना बुरशी आली, मुलांची तोंडं बघवेनात. रद्दी फाडून दोन दिवस भिजवायची, कुटायची, त्यात भिजवून वाटलेली मेथी घालायची आणि पालथ्या वाटीवर थापायची. तुझ्या वर्गातल्या कुणाची तरी आजी अशा टोपल्या करत असेल, तिलाच बोलाव. तिच्यासमोर मुलं जितकी शांत बसतील तितकी आपल्यासमोर बसायची नाहीत.

कोसबाडची टेकडी इथून जवळच. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ १९५७ साली बोर्डीहून तिथे आल्या, आणि पानं, बिया, शंख-शिंपले, खडे हेच मुलांचं साहित्य केलं. 'साहित्याला पैसे नाहीत' असं मनात आलं की मी त्या टेकडीकडे बघते.

बेचाळीस जणांना एकदम रंग देऊ नकोस. निम्मी रंगात, निम्मी वहीत, मधल्या सुट्टीनंतर अदलाबदल. खाली वर्तमानपत्र, दर पाच जणांत एक पाण्याचा डबा, आणि खिडकीपासून खिडकीपर्यंत सुतळी बांधून चिमट्यांनी चित्रं वाळत घालायची. बाकी पसारा मुलं आवरतात, आपण धीर धरला तर.

चित्राखाली 'छान', 'ठीक' असं काही लिहू नकोस. जवळ बस आणि विचार, "काय चाललंय इथे? मला सांग बघू." त्याने सांगितलेलं त्याच्याच शब्दांत खाली लिही. तुझ्या मोठ्या बाईंना प्रदर्शनात सगळी चित्रं सारखी आणि नीटनेटकी हवीत, असं लिहिलंयस. त्यांच्याशी वाद घालू नकोस. चित्रं ही अशी मजकुरासकट लाव आणि पालकांना वाचू दे. माझ्याकडे त्या बैलाच्या पुठ्ठ्यापुढे त्याचा बाबा उभा होता. त्याला वाचता येत नव्हतं, मुलाने बोट ठेवून सगळं सांगितलं.

सोबत बांबूच्या पंचवीस काड्या आणि पावशेर गेरू पाठवते आहे. काड्या रात्रभर पाण्यात ठेव, मग टोक दगडाने हलकं ठेच. गेरूत थोडा बाभळीचा डिंक घाल, नाहीतर हाताला लागत राहतो. अजून काड्या लागल्या तर कळव. इथल्या मुलांना सांगितलंय की लांबच्या शाळेत ४२ जण आहेत, ती रोज दोन-चार काड्या दप्तरातून आणून माझ्या टेबलावर ठेवतात.

पहिल्या तासाला काय झालं ते लगेच लिही. काकूंना नमस्कार.

तुझी,
माई